ग्रिफिथच्या शेंगा

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला वेदनं बाथरूममधून आरोळी ठोकली, "मम्मी, कम अँड सी! माय वी इज लाइक कोक!"

सहा वर्षांच्या मुलाला यात गंमत वाटली तर नवल नाही. मयूरा चहाचा कप हातात घेऊनच गेली. कमोडमध्ये खरोखरच कोकसारखी काळपट लाल लघवी होती. तिनं ते पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. खिडकीतून डिसेंबरचं ऊन आडवं आत आलं होतं आणि त्या उन्हात वेदच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता.

"दुखतंय का कुठे, राजा?"

"नो. जस्ट टायर्ड." एवढं म्हणून तो फरशीवरच बसला. झोपून उठल्याला दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मयूरा काही डॉक्टर नव्हती, पण हे काय आहे ते त्या घरातल्या कुणाहीआधी तिला कळलं, कारण तिनं ते सहा वर्षांपूर्वी वाचलं होतं. वेद पुण्याला, तिच्या माहेरी जन्मला, तेव्हा हॉस्पिटलनं एक कागद दिला होता. मुलाच्या रक्तात एक एन्झाइम कमी आहे, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली यादी होती. डांबराच्या गोळ्या जवळ नकोत, अमुक औषधं नकोत, फावा बीन्स नकोत. लघवी काळी आणि डोळे पिवळे झाले तर रक्तपेशी फुटताहेत असं समजून तडक हॉस्पिटल गाठा.

तो कागद तिच्या नवऱ्यानं, प्रणवनं, कधी पाहिला नव्हता. त्याच्या आईनं, चित्रलेखाबाईंनी, तर नाहीच नाही.

मयूराच्या आईनं, शुभदानं, तो तेव्हाच घडी घालून कपाटात टाकला होता. "सासरी बोलायचं नाही," ती बाळंतिणीच्या कानाशी लागून म्हणाली होती. "हे आईकडून मुलाकडे येतं, असं तो डॉक्टर म्हणतोय. माझा भाऊ कुमार नऊ वर्षांचा असताना तापाच्या गोळीनं असाच पिवळा होऊन गेला. तेव्हा कुणाला एन्झाइम बिन्झाइम माहीत नव्हतं, पण माझ्या आईला मात्र सगळ्यांनी जन्मभर ऐकवलं. तुझ्या सासूबाईंच्या हातात हे कोलीत देऊ नकोस. तू सांभाळ म्हणजे झालं."

आणि मयूरानं सांभाळलं. सिडनीतल्या केलीव्हिलच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, तिनं सगळं सांगितलं. वेदच्या अपॉइंटमेंटा म्हणजे तुझं डिपार्टमेंट, असं प्रणव म्हणायचा, ते तिच्या पथ्यावरच पडलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं डोकं दुखतं, असं सांगून तिनं घरातून त्या हद्दपार केल्या. फावा बीन्स म्हणजे लेबनीज दुकानातले डब्यातले तपकिरी दाणे, अशी तिची समजूत होती. ते काही कर्णिकांच्या घरात कुणी खात नव्हतं.

आता ती पाहुणे म्हणून मिळालेल्या खोलीतली कपाटं उघडून वास घेत सुटली. पांघरुणं, उशा, खण. कुठेही डांबराचा वास नव्हता. नुसता लॅव्हेंडरचा होता.

"काय शोधतेयस?" प्रणव दारात उभा होता.

"प्रणव, वेदला हॉस्पिटलला न्यायला हवं. आत्ता."

त्यानं वेदला पाहिलं. कपाळाला हात लावला. "ताप नाहीये गं. काल दिवसभर चाळीस डिग्रीत डॅनिएलाच्या भाच्यांबरोबर संत्र्यांच्या बागेत हुंदडत होता. पाणी प्यायला नसेल. डिहायड्रेशनमध्ये डार्क होते यूरिन."

"डोळे बघ त्याचे."

"पिवळ्या भिंती आहेत खोलीला, मयूरा. हायड्रालाइटचं मीठ-साखरपाणी पाजू, अर्ध्या तासात बघू. हॉस्पिटल चाळीस किलोमीटर आहे आणि लोकांच्या घरी आलोय आपण."

या क्षणी तिनं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिनं तोंड उघडलंसुद्धा, पण मागून चित्रलेखाबाई आल्या आणि ते उघडलेलं तोंड तिनं मिटून घेतलं.

चित्रलेखाबाई ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियातलं फारसं काही त्यांना पसंत पडलं नव्हतं. भाज्या पाणचट, शेजारी मुके, आणि सून नातवाच्या बाबतीत जरा जास्तच शहाणी. डॅनिएला ही मयूराच्या ऑफिसातली मैत्रीण. ग्रिफिथला तिच्या वडिलांच्या शेतावर वीकएंडला जायचं ठरलं तेव्हा साडेसहा तास गाडीत बसायचं म्हणून त्यांनी कुरकुर केली होती. पण शुक्रवारी संध्याकाळी इथे पोचल्यावर परसातला भाजीचा मळा पाहिला आणि बाई खुलल्या. यंदा थंडी लांबल्यामुळे शेवटच्या शेंगा अजून झाडावर होत्या. हिरव्यागार, वीतभर लांब, आत कापसासारखं अस्तर. ब्रॉड बीन्स, डॅनिएला म्हणाली. चित्रलेखाबाईंनी एक दाणा सोलला, वरचं साल बोटानं दाबलं, आतली हिरवी डाळ सुळकन बाहेर आली.

"अगं, या तर डाळिंब्या!" त्या ओरडल्याच होत्या. "वालाच्या नसल्या म्हणून काय झालं? न भिजवता, न मोड आणता सोलल्या जाताहेत बघ! याचं बिरडं करते उद्या."

सीकेपी माणसाला बिरड्याचं काय असतं ते सीकेपी माणसालाच ठाऊक. शनिवारी त्यांनी दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डब्यातलं नारळाचं दूध, मयूराच्या डब्यातली आमसुलं, गूळ नव्हता म्हणून ब्राउन शुगर. पोरांनी तर शुक्रवारीच कच्चे दाणे मूठमूठभर खाल्ले होते. शनिवारी दुपारी आजीनं वेदला मांडीशी घेऊन बिरडं आणि भात भरवला, आणि एरवी भाजी पाहून नाक मुरडणारा मुलगा "मोअर, आजी" म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई मयूराकडे पाहून मनापासून हसल्या होत्या. त्या हसण्यानं मयूराला इतकं बरं वाटलं की तिनं त्या शेंगांकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नाही.

"काय झालं पोराला?" आता त्यांनी विचारलं, आणि वेदला पाहताच त्यांचा स्वर उतरला. "अगं बाई. हे काय झालं याचं? कसा पांढराफटक पडलाय. काल सगळी पोराचं कौतुक करत होती. मीठमोहऱ्या आण, मी दृष्ट काढते."

"आई, दृष्ट नाहीये ही. हॉस्पिटलला जाऊ या."

"जा ना, नको कोण म्हणतंय? दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांची वीस झाली. मोहऱ्या मिळेनात. मग हायड्रालाइट झालं, ते वेदला उलटलं. मग प्रणवनं फोनवर हेल्थलाइन लावली आणि बारा प्रश्नांची उत्तरं दिली. काही आजार? नाही. ॲलर्जी? नाही. प्रणव ही नाही-नाही ठामपणे सांगत होता आणि मयूरा तीन फुटांवर उभी राहून ऐकत होती. घड्याळात साडेनऊ झाले होते. दीड तास. यातलं प्रत्येक मिनिट मी खाल्लंय, असं तिला स्वच्छ कळत होतं, तरी जीभ हलत नव्हती. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाजेची गोष्ट अशी की ती सगळी भीती मुलासाठी नव्हती.

बाहेर गाडी थांबली. डॅनिएलाची आजी आली होती. नोना फिलोमेना गावात धाकट्या मुलाकडे राहायची आणि चर्च आटोपून दर रविवारी जेवायला शेतावर यायची. ब्याऐंशी वर्षांची, काळा झगा, गुडघे दुखणारे. पाहुण्यांना भेटायला ती हौसेनं आत आली, सोफ्यावर पडलेल्या वेदकडे तिचं लक्ष गेलं आणि हातातला केकचा डबा तिनं तसाच डॅनिएलाकडे दिला. वाकून तिनं अंगठ्यानं वेदची खालची पापणी ओढली. आत लालीचा मागमूस नव्हता.

"पीपी?" तिनं विचारलं. "काळी?"

"येस," मयूरा म्हणाली.

नोना सरळ उभी राहिली. टेबलावर सोललेल्या शेंगांच्या टरफलांचा ढीग अजून तसाच होता. त्याकडे तिनं बोट केलं. "हे खाल्लं यानं?"

"आय कुक," चित्रलेखाबाई छातीला हात लावून म्हणाल्या. "माय हँड. ही लाइक व्हेरी मच."

नोनानं कपाळावर, छातीवर क्रूस केला आणि मुलावर, नातीवर इटालियनमध्ये अशी काही तुटून पडली की डॅनिएलाचे वडील प्रणवच्या गाडीची किल्ली शोधायला धावले. डॅनिएला पांढरी पडली होती. "ती म्हणतेय तिचा भाऊ यानं गेला. कलाब्रियात. पाच वर्षांचा होता. फावा. काही लोकांच्या रक्ताला चालत नाही. मयूरा, आय ॲम सो सॉरी, आमच्या घरात कुणालाच नाही, माझ्या डोक्यातच आलं नाही..."

फावा. कागदावरचाच शब्द. डब्यातले तपकिरी दाणे नव्हेत. हे. हेच.

नोनानं तिचा चेहरा आपल्या खरखरीत हातांत धरला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, बेला, पोरी. तुला कसं माहीत असणार?"

सगळ्यांनी ते ऐकलं. प्रणवनं ऐकलं, चित्रलेखाबाईंनी ऐकलं. मयूरानं मान खाली घातली आणि ती दया तशीच घेतली.

गाडीत वेद तिच्या मांडीवर होता. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, मध्ये कालवा, आणि रस्ता संपता संपत नव्हता. त्याचं हृदय इतकं धडधडत होतं की शर्टातून दिसत होतं. पुढच्या सीटवरून चित्रलेखाबाई मागे वळून वळून बघत होत्या. "कुणाला माहीत असणार हो," त्या पुन्हा पुन्हा स्वतःशीच म्हणत होत्या. "आपल्यात कुणी ऐकलंय का असलं काही? वालानं कधी कुणाला काही झालंय?"

"आई, तुझी काय चूक त्यात," प्रणव गाडी चालवत म्हणाला. "कुणाचीच नाही."

मयूराला वाटलं, झालं. कुणाचीच नाही. देवानं दार उघडून दिलंय. पोर बरं होऊ दे, आता सगळ्यांना कळेलच काय ते, आणि आधी कुणाला माहीत होतं हा प्रश्नच उरणार नाही. तिनं वेदच्या केसांत तोंड लपवलं. स्वतःची किळस आली, तरी तो विचार जाईना.

हॉस्पिटलमध्ये मात्र भराभर झालं. सुई, रक्त, सलाइन, बोटाला लाल दिवा. डॉक्टर तरुण होती, एमिली नाव, बोलायला शांत. तिघांना तिनं पडद्याच्या आत उभं केलं आणि स्वच्छ सांगितलं, "हिमोग्लोबिन निम्म्यावर आलंय आणि अजून उतरतंय. रक्त चढवावं लागेल. सिडनीच्या मुलांच्या हॉस्पिटलशी बोलतेय. त्या शेतावरच्या आजी म्हणाल्या तसं फॅविझम, म्हणजे फावानं रक्तपेशी फुटणं, असू शकतं. पण यकृताचं किंवा रक्तातलं इन्फेक्शनही असू शकतं, त्याची ट्रीटमेंट निराळी."

"टेस्ट करा ना," प्रणव म्हणाला.

"तीच अडचण आहे. आत्ता ती टेस्ट फसवू शकते. कमजोर पेशी आधीच फुटून गेल्यात, उरल्यात त्या ताज्या. रिपोर्ट नॉर्मल येईल आणि आपण गाफील राहू. इन्फेक्शन समजून मी जी औषधं देईन त्यातलं एखादं, हा आजार असेल तर, त्याला विषासारखं आहे." तिनं पेन उघडलं. "म्हणून विचारतेय. याची ही टेस्ट आधी कधी झालीय? जन्मल्यावर वगैरे? घरात कुणाला असं काही?"

"नो," प्रणव म्हणाला. "नथिंग. आमच्या फॅमिलीत कुणालाच नाही."

डॉक्टर लिहू लागली.

मयूरानं पाहिलं, पेन कागदावर टेकलं होतं. पलंगावर वेद डोळे मिटून पडला होता. ओठ कागदासारखे झाले होते. तो लिहिला जाणारा 'नो' त्याच्या अंगात जाणार होता.

"झालीय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिलाच पुन्हा म्हणावं लागलं. "टेस्ट झालीय. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. पुण्यात. त्याला आहे हे. माझ्या मामाला होतं. नऊ वर्षांचा असताना गेला तो. माझ्याकडून आलंय त्याला."

डॉक्टरनं वर पाहिलं, क्षणभरच. "नक्की?"

"नक्की. रिपोर्ट माझ्या जीपीकडे आहे. नंबर देते."

"थँक यू," डॉक्टर म्हणाली, आणि तशीच वळून बाहेर गेली. तिला भांडण ऐकायला वेळ नव्हता.

पडद्याच्या आत तिघं उरले.

"तुला माहीत होतं," प्रणव म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं."

"हो."

"सकाळी आठ वाजता माहीत होतं."

"हो."

"मी हेल्थलाइनला नो नो सांगत होतो. तू शेजारी उभी होतीस, मयूरा!"

चित्रलेखाबाई आपल्या उजव्या हाताकडे पाहत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. इंग्रजी त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण पुणे, मामा आणि तिसरा दिवस एवढं पुरलं होतं.

"काय खायचं नाही ते कागदावर होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"शेंगा होत्या त्यात?"

"होत्या. पण मला या त्या वाटल्याच नाहीत, आई. शपथ. डब्यातल्या काहीतरी वेगळ्या..."

"मला सांगितलं असतंस तर मी शंभरदा विचारलं असतं. ही कुठली शेंग, ती कुठली शेंग. तुला माझा स्वभाव माहीत नाही? मी त्या म्हातारीला फोन करायला लावला असता." त्यांचा आवाज चिरकला. "या हातानं भरवलं मी त्याला. तो मोअर म्हणाला आणि मी वाढलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं ना, आई."

"नव्हतंच! का नव्हतं?"

याचं उत्तर तिघांनाही ठाऊक होतं. मयूराच्या धाकट्या जावेचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा ठाण्याच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, चित्रलेखाबाई काय म्हणाल्या होत्या ते घरात कुणी विसरलं नव्हतं. 'माहेरचंच रक्त पाणचट, त्याला आमचा मुलगा काय करणार?' प्रणव तेव्हा तिथेच बसला होता. पेपर वाचत होता.

आताही त्यानं मान फिरवली.

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. एकदम थकल्यासारख्या दिसल्या. बराच वेळ त्या वेदच्या पायावरची चादर सारखी करत राहिल्या. चादर सारखीच होती.

साडेअकराला रक्ताची पिशवी लागली. बाराला डॉक्टर परत आली. विमान निघालंय, ती म्हणाली, रुग्णवाहिका धावपट्टीपर्यंत नेईल. हिमोग्लोबिन अजून थांबलेलं नाही, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल. बरोबर एकच माणूस येऊ शकतो.

"मी जातो," प्रणव लगेच म्हणाला. मयूराकडे न बघता.

मयूरानं वेदचा काढलेला शर्ट घडी घालून प्रणवसमोर ठेवला. कुठल्या तोंडानं बोलणार?

"तिला जाऊ दे," चित्रलेखाबाई म्हणाल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस. आत्ता माझा तिच्यावर..."

"तुझा विश्वास गेलाय, कळलं मला. माझा पण गेलाय." त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "पण वाटेत त्यांनी विचारलं, याला हे औषध देऊ की नको, तर तू काय सांगणार? तुला काय माहीत आहे? मला काय माहीत आहे? आपल्याला काही सांगावंसं कुणाला वाटलंच नाही, प्रणव. आता तिलाच जाऊ दे."

मग त्या सुनेकडे वळल्या. मयूराला वाटलं आता येईल, जे सहा वर्षं यायचं राहिलं होतं ते. पण बाई एवढंच म्हणाल्या, "घेऊन ये त्याला. बाकीचं नंतर बघू."

ते नंतर काय असेल कोण जाणे, तरी मयूरा मानेनं हो म्हणाली.

विमान छोटं होतं. वेदला पट्ट्यांनी बांधलं होतं, वर रक्ताची पिशवी डुलत होती. नर्सनं कानाशी वाकून विचारलं, त्याला काय काय चालत नाही ते सांग. मयूरानं सगळी यादी सांगितली. एकही नाव चुकलं नाही. जीपीनंतर मोठ्यानं ती यादी तिनं दुसऱ्यांदाच म्हटली होती.

वेदनं डोळे उघडले. "मम्मी, डिड आय ईट समथिंग बॅड?"

"तू नाही काही केलंस, राजा. माझं सांगायचं राहून गेलं होतं." ती थांबली. "नाही. राहून नाही गेलं. मी सांगितलंच नाही."

"टू हू?"

"आजीला. बाबाला."

"व्हाय?"

खाली कालवे आणि मळे लहान होत चालले होते. "भीती वाटली म्हणून."

"ऑफ आजी?" वेदला हे इतकं चमत्कारिक वाटलं की तेवढ्या अशक्तपणातही त्याच्या कपाळाला आठी पडली. "बट आजी इजंट स्केरी," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

मयूरानं त्याच्या छातीवर हात ठेवला. सिडनी येईपर्यंत तिनं तो काढला नाही.